इंजेक्टर सफाई विकू नका, तपासणी विका



डिझेल गाडीच्या इंजेक्टरवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, इंजेक्टर क्लिनिंगचं मशीन घेऊन छोटं सेंटर टाकायचंय, चालेल का?" विचारणाऱ्यांत आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल ट्रेड केलेली मुलं आहेत, गॅरेजमध्ये पाच-सात वर्षं हात काळे केलेले हेल्पर आहेत, आणि मशीनवाल्याचा डेमो बघून भारावलेलेही काही आहेत.

माझं उत्तर असं आहे : सेंटर जरूर टाका, पण पाटीवर 'तपासणी' मोठ्या अक्षरात लिहा आणि 'क्लिनिंग' त्याच्या खाली. आणि तपासणीचे पैसे वेगळे घ्या, काम निघो वा न निघो. एवढी एक गोष्ट पाळली तर हा धंदा टिकेल. नाही पाळली तर वर्षभरात तुमचं नाव 'बाटली ओतून पैसे घेणारा' असं पडेल.

माझं स्वतःचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. इंजेक्टर क्लीनरच्या बाटल्या माझ्याही रॅकवर आहेत आणि त्या विकून मला नफाही होतो. तरीही मी हे का म्हणतोय, ते नीट समजून घ्या.

तक्रार एक, कारणं दहा

गिऱ्हाईक कधीच म्हणत नाही की माझ्या तीन नंबरच्या इंजेक्टरचा रिटर्न वाढलाय. तो म्हणतो, "गाडी सकाळी सेल्फ जास्त खाते", "पिकअप गेलाय", "अ‍ॅव्हरेज पडलाय", "मिसिंग मारते", "काळा धूर सोडते".

आता यातली प्रत्येक तक्रार इंजेक्टरमुळे येऊ शकते, आणि इंजेक्टर ठणठणीत असतानाही येऊ शकते. एअर फिल्टर चोंदला तरी काळा धूर येतो. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी येतो. टर्बोचा रबरी होज फाटला तर धूरही येतो आणि पिकअपही जातो. सकाळी स्टार्टिंगचा त्रास असेल तर बॅटरी मेलेली असेल, ग्लो प्लग गेला असेल, डिझेल लाइनला हवा पकडली असेल, कम्प्रेशन कमी असेल. डिझेल फिल्टर चोंदला किंवा त्यात पाणी साचलं तर गाडी चढाला दम तोडते.

म्हणजे तक्रार ऐकून 'इंजेक्टर साफ करून घ्या' म्हणणं हे ताप आहे एवढं ऐकून सलाइन लावण्यासारखं झालं. कधी बरं वाटेल, कधी नाही वाटणार. बिल मात्र दर वेळी होईल.

आधी इंजेक्टरचं काम समजून घ्या

आजच्या सीआरडीआय गाडीत पंप डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे कॉमन रेलमध्ये, भरून ठेवतो. आयडलला तिथे साधारण २५० ते ३०० बार दाब असतो. आपल्याकडे घराघरात पोहोचलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन घ्या, जे पुण्याजवळ रांजणगावातही बनत होतं आणि टाटा, मारुती दोघांच्याही गाड्यांत बसत होतं. पूर्ण लोडला अशा इंजिनात दाब १६०० बारच्या आसपास जातो. तुलनेसाठी सांगतो, कारच्या टायरमधली हवा सव्वादोन बार असते.

एवढा दाब अडवून धरायचा आणि ईसीयूने इशारा दिला की केसाएवढ्या भोकांतून मोजून डिझेल सोडायचं, हे इंजेक्टरचं काम. इंजिन २००० आरपीएमला असेल तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला हजार वेळा हे काम करतो. मुख्य फवाऱ्याच्या आधी एक छोटा पायलट फवारा असतो, तो धरला तर दोन हजार वेळा. आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. आता विचार करा, शेतावर उघड्या कॅनमधून ओतलेलं डिझेल, टाकीत साचलेलं पाणी किंवा रॉकेलची भेसळ आत काय करत असेल.

यातून दोन वेगळे आजार होतात, आणि त्यांची गल्लत करू नका. पहिला आजार घाण साचण्याचा : नोझलच्या टोकावर कार्बन, आत चिकट थर. दुसरा झीज होण्याचा : व्हॉल्व्हची बैठक घासली, नीडल घासली, भोकं मोठी झाली, कॉइल जळली. घाण साफ होते. झीज साफ होत नाही. सफाईचा सगळा धंदा या एका ओळीवर उभा आहे, आणि तुमच्याकडे आलेली गाडी यातली कुठली, हे तपासल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

तपासणीचा क्रम : स्वस्त ते महाग

माझ्या ओळखीचे जे डिझेलवाले टिकलेत, ते सगळे थोड्याफार फरकाने याच क्रमाने जातात. पाना शेवटी हातात घेतात.

१. विचारपूस आणि डोळे. त्रास थंड इंजिनला की गरमला? शेवटचा डिझेल फिल्टर कधी बदलला? कुठे डिझेल भरल्यावर सुरू झालं? मग एअर फिल्टर, होज, बॅटरी. डिझेल फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या भांड्यात काढा. पाणी दिसतं का बघा. बारीक चमकणारा धातूचा चुरा दिसला तर तिथेच थांबा. पंप आतून झिजतोय. अशा गाडीचे इंजेक्टर आज साफ केले तर उद्या पुन्हा तोच चुरा त्यांच्यात जाणार.

२. स्कॅनर. फॉल्ट कोड वाचा, पण कोडवर निकाल देऊ नका. पी ००८७ म्हणजे रेलचा दाब कमी पडतोय. त्याचं कारण इंजेक्टर असू शकतो, पंप असू शकतो, साधा फिल्टरही असू शकतो. लाइव्ह डेटात मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी-शेजारी बघा. मग सिलिंडरनिहाय करेक्शन बघा. आयडलला कुठलं सिलिंडर कमी जोर लावतंय हे ईसीयू ओळखतो आणि तिथे जास्त डिझेल देतो. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर संशयित सापडला. हं, संशयित. त्या सिलिंडरचं कम्प्रेशन कमी असलं तरी आकडा असाच दिसतो.

३. रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, गाडीची मूळ रिटर्न लाइन बंद करायची, इंजिन आयडलला ठरावीक वेळ चालवायचं आणि पातळी बघायची. तीन सारख्या आणि एक दुप्पट-तिप्पट असेल तर तो इंजेक्टर आतून गळतोय. गाडी चालूच होत नसेल तर सेल्फ मारून हीच टेस्ट करता येते. पायझो इंजेक्टरला मात्र ही रीत जशीच्या तशी लावू नका, कारण त्याच्या रिटर्न लाइनमध्ये दाब टिकवावा लागतो. म्हणून आधी इंजेक्टर कुठल्या जातीचा आहे ते बघा.

४. मल्टिमीटर. सॉलेनॉइड इंजेक्टरच्या कॉइलचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही खाली असतो, पायझोचा किलोओहममध्ये. मीटरवर सर्किट ओपन दाखवत असेल तर कुठलंही केमिकल उपयोगाचं नाही.

५. कम्प्रेशन. संशयित सिलिंडरचं कम्प्रेशन ठीक आलं तरच इंजेक्टर काढा.

६. बेंच. काढलेला इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून फुल लोड, आयडल आणि पायलटला किती डिझेल देतो, किती गळतो, हे कंपनीच्या टेस्ट प्लॅनशी ताडून बघायचं. सफाईच्या आधी एकदा, नंतर एकदा.

आणि एक इशारा, जो मी प्रत्येक बॅचला देतो. जुन्या जीप, मॅटाडोरला उस्ताद लोक इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचे आणि कुठलं सिलिंडर मिसिंग मारतंय ते आवाजावरून ओळखायचे. त्या काळच्या इंजिनाला ते चाललं. सीआरडीआयला हे कधीही करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट, कधी हात गमावायची वेळ येते. असं झालं तर मलम लावत बसायचं नाही, तातडीने सर्जनकडे जायचं. गळती शोधायलाही हात फिरवायचा नाही. सिलिंडर बंद करून बघायचं तर स्कॅनरमधून करा.

सफाईने काय मिळतं, काय मिळत नाही

बाटलीतलं क्लीनर टाकीत ओतणं हा काळजीचा भाग आहे, उपचाराचा नाही. हलका थर असेल, गाडी बहुतेक शहरात कमी वेगाने चालत असेल, तर फरक पडू शकतो. घासलेल्या व्हॉल्व्हला कुठलीही बाटली पूर्ववत करत नाही.

अल्ट्रासोनिक टबात नोझलवरचा कार्बन चांगला निघतो. पण नुसतं बुडवून काढलं म्हणजे आतली घाण गेली असं होत नाही, आणि कॉइलचा भाग त्या पाण्यात जाता कामा नये. नोझलच्या टोकाला तारेचा ब्रश लावणाऱ्याला तर दुकानात ठेवूच नका. ती भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात.

परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच. बैठक साफ करून, बोल्ट टॉर्क रेंचने. जुना वॉशर वापरला तर तिथून वायू गळतो, काळ्या डांबरासारखा थर साचतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही. शिवाय बहुतेक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड असतो. बॉशमध्ये त्याला आयएमए म्हणतात. इंजेक्टर बदलला किंवा त्याची जागा बदलली तर तो कोड ईसीयूत भरावा लागतो. न भरता गाडी दिली तर काम चांगलं होऊनही गाडी खडखड करते आणि दोष तुमच्यावर येतो.

'चेकिंग फ्री' या पाटीचा खरा खर्च

आता मुद्द्यावर येतो. बीबीएला आम्हाला 'इन्सेंटिव्ह' हा शब्द शिकवला होता. त्याचा अर्थ मला काउंटरमागे उभं राहून कळला. ज्याला फक्त काम निघाल्यावर पैसे मिळतात, त्याच्याकडे काम निघतंच. तो माणूस वाईट असतो असं नाही. त्याने तासभर फुकट घालवलेला असतो, वर दुकानाचं भाडं असतं, हेल्परचा पगार असतो. अशा वेळी 'इंजेक्टर ठीक आहेत, होज बदला' हे सांगणं त्याला परवडत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक टुरिस्ट गाडीवाले काका माझ्याकडे चार इंजेक्टरचा भाव विचारायला आले. गाडी सकाळी उचलत नव्हती. एका ठिकाणी 'चेकिंग फ्री' होतं, तिथे दोनदा सफाई झाली होती, आणि आता चारही बदला म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, "काका, रिटर्न मोजला का कुणी?" त्यांनी तो शब्दच पहिल्यांदा ऐकला. मी त्यांना तपासणीचे वेगळे पैसे घेणाऱ्या एका मुलाकडे पाठवलं. तीन बाटल्या जवळपास सारख्या, चौथी तिप्पट. एक इंजेक्टर दुरुस्त झाला, फिल्टर बदलला, गाडी लागली कामाला. चारांचा माल विकला असता तर माझा नफा मोठा होता, हे मलाही कळत होतं. पण काकांचे दोन आठवडे गाडी उभी राहिल्यामुळे गेले होते, आणि गाडीचा हप्ता काही उभा राहत नाही. त्यानंतर त्यांच्या स्टँडवरच्या किती गाड्या त्या मुलाकडे गेल्या, हे मला माझ्या फिल्टर आणि वॉशरच्या विक्रीवरून कळतं.

म्हणून माझं मत आहे की तपासणीची फी कामाच्या बिलात वळती करू नका. खूप जण म्हणतात, "काम केलं तर चेकिंगचे पैसे माफ." ऐकायला छान वाटतं, पण यानेही तीच गडबड होते. काम निघालं तर तुमचा फायदा आणि गिऱ्हाइकालाही फी सुटल्याचं समाधान, म्हणजे दोघांनाही काम निघावंसंच वाटतं. रक्ताची तपासणी आठवा. साखर नॉर्मल आली म्हणून लॅबवाल्याकडे कुणी पैसे परत मागत नाही. उलट सुटलो म्हणून घरी जातो.

गिऱ्हाईक पैसे देईल का?

ही शंका खरी आहे. समोरचा गॅरेजवाला फुकट बघतो आणि तुम्ही आठशे रुपये मागता, तर पहिले काही महिने गिऱ्हाईक परत जाईल. ते सोसायची तयारी ठेवा. पण लोक फी कशाला नाकारतात ते बघा. 'बघून सांगतो' याला कुणी पैसे देत नाही. कागदाला देतात.

म्हणून एक पानाचा रिपोर्ट द्या. वर गाडी नंबर, किलोमीटर, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. खाली रेलचा दाब, चार करेक्शनचे आकडे, चार रिटर्नचे आकडे, बाटल्यांचा फोटो. शेवटी मराठीत तीन ओळी : काय बिघडलंय, काय ठीक आहे, आधी काय करावं. तो कागद घेऊन गिऱ्हाईक दुसरीकडे गेला तरी चालेल. तिथेही तुमचंच नाव जाणार आहे.

हिशेबापुरते आकडे धरू. महिन्याला ४० गाड्या, फी ८०० रुपये, म्हणजे ३२ हजार. भाडं, लाइट आणि एका हेल्परचा पगार यातून निघायला हवा. त्यातल्या १५ गाड्यांना खरंच इंजेक्टरचं काम निघालं आणि प्रत्येकी दीड हजार सुटले, तर साडेबावीस हजार वर. तुमच्या गावचे आकडे टाकून हा हिशेब स्वतः मांडा. पण 'रिपीट' गाडीचा रकाना विसरू नका. न तपासता साफ केलेली गाडी परत आली की अर्धा दिवस बे अडकतो, पैसे मिळत नाहीत आणि चार लोकांसमोर वाद होतो तो वेगळाच.

भांडवल कुठे घालायचं

इथे मशीनवाले माझ्यावर नाराज होतील. कॉमन रेल टेस्ट बेंच पहिल्या दिवशी कर्ज काढून घेऊ नका. आधी चांगला स्कॅनर, रिटर्न टेस्ट किट, डिझेलचा कम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, टॉर्क रेंच आणि धूळ येणार नाही अशी एक बंद, स्वच्छ खोली. वर सांगितलेल्या पहिल्या पाच पायऱ्या एवढ्यात होतात. बेंचचं काम जिल्ह्याच्या ठिकाणच्या डिझेल लॅबकडून रेट ठरवून करून घ्या. महिन्याला किती इंजेक्टर बाहेर पाठवता याची वही ठेवा. त्या वहीने सांगितलं की बेंच घ्या.

"सर, पण डिझेल तर संपत चाललंय ना?" हा प्रश्नही योग्य आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल कार बंदच केल्या. छोट्या डिझेल कार कमी होत जाणार, हे धरूनच चाला. पण आपल्या रस्त्यावर पिकअप, मोठ्या एसयूव्ही, टेम्पो अजून डिझेलवरच आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला नवे उत्सर्जन नियम लागले आणि कॉमन रेल शेतात पोहोचलं. तिथे स्कॅनर लावून नीट तपासणारे हात अजून फार थोडे आहेत. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलांनी याचा विचार करावा.

शिवाय मशीन जुनं होतं, इंधन बदलतं. लक्षणापासून कारणापर्यंत क्रमाने जायची सवय मात्र पेट्रोल, सीएनजी, इलेक्ट्रिक कुठेही कामाला येते. केमिकलचं मशीन घेऊन बसलेल्याला तो रस्ता नाही.

तर सेंटर टाकायचं ठरवलंच असेल, तर मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी दोन कागद तयार करा. एक तुमचं रेटकार्ड, ज्यात तपासणीची फी पहिल्या ओळीत असेल. दुसरा रिपोर्टचा नमुना. मग ओळखीच्या पाच डिझेल गाड्या घ्या, पूर्ण क्रमाने तपासा आणि रिपोर्ट भरा. पाचपैकी किती गाड्यांना खरंच इंजेक्टरचं काम निघालं, ते मला कळवा. तुमचा धंदा कशाचा आहे, हे तुम्हाला त्या पाच कागदांवर दिसेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काम चोख ठेवा.